कुसुमताईंचा सावलीचा अर्ज

उन्हाळ्यात नागपुरात दोन गोष्टी साचतात. कूलरच्या टाकीत गाळ आणि आमच्या ऑफिसात किस्से. गाळ निदान पावसाळ्याआधी काढला तरी जातो, किस्से तसेच राहतात. ऑफिसचं नाव सांगत नाही, माझी रिटायरमेंट जवळ आली आहे. एवढंच सांगते की ऊन दरवर्षी वाढायला लागलं, पेपरात ओरड झाली, नेत्यांनी 'तातडीने पावलं उचला' म्हटलं आणि आमच्याकडे 'उष्णता नियंत्रण कक्ष' उघडला. एवढ्या उष्णतेचं नियंत्रण करायला माणसं तीन: बोरकर साहेब, शिपाई रंगारी भाऊ आणि मी!

*

पहिल्याच आठवड्यात थर्मामीटर आला. रोज दुपारी दोन वाजता तापमान वर कळवायचं होतं. सरकारी वस्तू, बाहेर ठेवली तर कोणी पळवेल, म्हणून साहेबांनी तो आपल्या केबिनमध्ये टांगला. केबिनला एसी. आठवडाभर आमच्या भागाचं तापमान सव्वीस! बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि आमचा अहवाल जात होता, 'परिस्थिती आटोक्यात आहे.' वरून शाबासकीचा फोनसुद्धा आला.

शेवटी चहा ठेवता ठेवता रंगारी भाऊ म्हणाले, "सायेब, त्याले बाहेर टांगू का जी? आपल्यासंगं राहून तोबी सायेब झाला!"

*

मग जनजागृती फेरी निघाली. फलक आम्हीच रंगवले होते: 'दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका.' वेळ ठरली सकाळी आठची. पण फेरीला झेंडा दाखवणार होते एक नेते, आणि त्यांचा फोन यायचा, "निघालोच!" ते निघाले, पोचले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. सगळ्यात मोठा फलक धरून उभे असलेले रंगारी भाऊ तोवर मटकन खाली बसले होते. फलक मात्र त्यांनी सोडला नव्हता.

नेत्यांनी गाडीची काच खाली केली, फलक पूर्ण वाचला, "वा, छान संदेश!" म्हणाले आणि काच वर घेतली.

*

त्याच आठवड्यात कुसुमताई आल्या. बांधकामावर जाणाऱ्या बाया सकाळी ज्या चौकात काम मिळायची वाट पाहत उभ्या असतात, त्याला आमच्याकडे ठिय्या म्हणतात. कुसुमताई त्या ठिय्यावरच्या. ज्यांना काम मिळतं त्या जातात, बाकीच्या दुपारपर्यंत तिथंच. त्यांची जाऊ वनिता आदल्या दिवशी उन्हानं चक्कर येऊन पडली होती.

"दोन सलाईन लागल्या तिले. उद्यापासून पुन्हा तिथंच उभं राहा लागते. आमाले सावली द्या जी, बस."

साहेबांनी फाईल उघडली. योजनेत सावलीसाठी हिरवी जाळी होती, पण फक्त सिग्नलवर लावायची. "ताई, ठिय्यावर सिग्नल नाही. सिग्नल असता तर लगेच दिली असती."

"मंग सिग्नल लावून द्या!" कुसुमताई म्हणाल्या.

आम्ही हसलो, त्या हसल्या नाहीत. पंख्याखाली बसून अर्जावर शिक्का मारताना मला लाज वाटली, हे खरं सांगते. अर्ज फाईलमध्ये गेला.

*

सिग्नलवर जाळी लागली, फीत कापली गेली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी ट्रॅफिकवाल्यांची तक्रार आली: सिग्नल हिरवा होतो, पण गाड्या हलत नाहीत! सावलीखालून कोणी निघायलाच तयार नाही. साहेबांनी रंगारी भाऊंना लोकांना पुढे हाकायला पाठवलं. स्कूटरवरचे एक काका दुपट्ट्यातून फक्त डोळे काढून म्हणाले, "थांब ना गा भाऊ. एक लाल अजून होऊ दे."

*

जूनमध्ये झाडं लावायचा कार्यक्रम. ठिय्याजवळ पूर्वी एक मोठा कडुनिंब होता, तो सिमेंट रोडच्या वेळी गेला. नेत्यांनी बरोबर त्याच जागी रोप लावलं आणि भाषणात सांगितलं की हे हवामान बदलाचं संकट विरोधकांच्या काळात सुरू झालं. टाळ्या पडल्या. पाऊस काही आला नाही, रोप सुकायला लागलं. नेत्यांच्या हातचं रोप, म्हणून साहेबांनी पळापळ करून त्याच्यावर चारी बाजूंनी हिरवी जाळी बांधून घेतली.

कुसुमताई रोपाकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "मॅडम, याच्यापाशी कोणता सिग्नल हाय वं?"

*

पुढचा उन्हाळा निवडणुकीचा. आचारसंहिता लागली आणि शहरातले सगळे फ्लेक्स उतरवायचा हुकूम आला. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, हात जोडलेले, बोट वर केलेले, आमच्या व्हरांड्यात ढीग लागला. कुसुमताई वनिताला घेऊन आल्या. वनिता आता पुन्हा रोज ठिय्यावर उभी राहत होती, पण ऊन चढलं की तिचे हात थरथरायचे. कुसुमताईंनी ढिगाकडे बोट केलं.

"हे द्या."

"जमणार नाही," साहेब म्हणाले. "चेहरा कुठे दिसला तर माझी नोकरी जाईल."

"चेहरा खाली करून बांधतो. रस्त्यावरून कोणाले दिसन?"

साहेबांनी वनिताच्या हातांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "मॅडम, मी जरा जेवून येतो." सकाळचे साडेदहा वाजले होते! माझ्या नोकरीतला त्यांचा हा सगळ्यात चांगला निर्णय. रंगारी भाऊंनी स्वतः हातगाडी आणली.

बायांनी सुतळीनं फ्लेक्स जोडले, चार बांबूंवर रस्त्याकडे उतार देऊन ताणले. पांढरी बाजू वर, चेहरे खाली. कोणीतरी तक्रार केली, आचारसंहितेचं पथक आलं, रस्त्यावरून पाहिलं, पांढरं कापड दिसलं, गेलं. खाली बाया डबे उघडून बसायला लागल्या, वनिता भिंतीला टेकून.

मग एका दुपारी तेच नेते मतं मागत ठिय्यावर आले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. घाईनं सावलीत शिरले, 'हुश्श' केलं आणि सहज वर पाहिलं. वरून ते स्वतःच हसत होते. शेजारी त्यांचे विरोधकही, एकाच सुतळीनं शिवलेले.

नेते सावरले, हात जोडून कुसुमताईंपुढे वाकले. "काय ताई, ओळखलं का मले?"

कुसुमताईंनी एकदा वर पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"हाव ना जी. पन तुमच्यापेक्षा वरचे बरे. दिवसभर ऊन अंगावर घेऊन राहिले, अन् एक शब्द बोलत नाही."