उतरू नका

मास्तर प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून लसूण सोलत होते. तीस वर्षं लोकांना छोटी विमानं उतरवायला शिकवलेला हा माणूस गेल्या आठवड्यात स्टुलावरून उतरताना पडला होता. बायको ही गोष्ट आल्यागेल्याला रंगवून सांगत असे.

तेवढ्यात दार वाजलं. विमानतळावरचा वॉचमन धापा टाकत उभा, हातात वॉकीटॉकी.

"मास्तर, डॉक्टरीणबाई विमान घेऊन एकट्याच वर आहेत. वारा अचानक उठला. दोनदा खाली आल्या, दोनदा परत गेल्या. म्हणतात, मास्तरांना बोलवा."

डॉक्टरीणबाई म्हणजे मास्तरांची विद्यार्थिनी. त्यांच्या पायाला प्लास्टर घातलं तेही तिनंच. "महिनाभर एक पायरीसुद्धा चढायची नाही," असं तिनं बजावलं होतं. पण धावपट्टी दिसायची ती गच्चीवरून, आणि गच्चीला होती नुसती लोखंडी शिडी. वॉचमननं खालून खांदा लावला, बायकोनं वरून दंड धरला आणि कपाट चढवावं तसं मास्तरांना वर नेलं.

दोरीवर त्यांचा पायजमा वाळत होता. घटकेत आडवा व्हायचा, घटकेत मान टाकायचा. वाऱ्याचा अंदाज घ्यायला मास्तरांना तेवढं पुरलं. त्यांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"डॉक्टर, पेट्रोल किती आहे?"

"पाऊण तासाचं." वॉकीटॉकीतून उत्तर आलं.

"मग घाई कसली? वेग नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवा. वारा डावीकडून आहे. डावा पंख जरा खाली, उजव्या पायानं पेडल दाबून नाक सरळ. डावं चाक आधी टेकू दे. मनासारखं नाही जमलं तर पुन्हा वर. त्यात लाज नाही."

"पायानं नाक?" बायको वॉचमनला म्हणाली. "याच पायांनी स्टुलावरून पडले."

विमान डुलत डुलत धावपट्टीवर आलं. मास्तरांना राहवेना. मैदानावर पोचायचं म्हणून ते फरफटत शिडीकडे निघाले. अंगठा बटणावर तसाच.

"अहो, उतरू नका," बायको कडाडली. "सांगून ठेवते, आत्ता अजिबात उतरू नका."

इंजिन गरजलं. विमान टेकता टेकता पुन्हा आकाशात.

"मास्तर, माझं काय चुकलं?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं पायजम्याकडे पाहिलं.

"काही नाही चुकलं," मास्तर म्हणाले. "आमच्या घरचं हवामान खातं मध्येच बोललं. या पुन्हा, सावकाश."

या वेळी बायकोनं पदर तोंडात कोंबला. डावं चाक टेकलं, मग उजवं, मग पुढचं. विमान सरळ धावत गेलं आणि शहाण्या मुलीसारखं थांबलं. वॉचमन शिडीवरून घसरतच मैदानाकडे पळाला. त्याच्यामागे अनवाणी बायको.

गच्चीवर उरले मास्तर आणि पायजमा. ऊन चढलं. त्यांनी दोन हाका मारल्या, त्या वाऱ्यानंच खाल्ल्या.

अर्ध्या तासानं तिघं हसत हसत अंगणात आली. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं आणि हसू आवरलं.

"मास्तर, तुम्हाला चढायची परवानगी कुणी दिली?"

मास्तरांनी घाम पुसला.

"रागवा हवं तेवढं. पण आधी मला कुणीतरी खाली उतरवा."