लेकुरवाळ्यांनी मोहापलीकडे बसावं

दुधाचा वास आला की पटाचा बैल वासरू होतो, असं आमच्या गावच्या पंचांनी ठरवलं, ते साल माझ्या थोरल्या मुलीच्या जन्माचं. मुलगी पाच महिन्यांची होती आणि मी माहेरी, चिमूरपासून बंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, खास शंकरपट बघायला आले होते. आता कोणी विचारेल, अंगावरचं पोर घेऊन बैलांच्या शर्यती बघायला कशाला जायचं? अवो, जाणार नाही तर काय! धान चुरून घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत वर्षाची तीच एक मौज. पुरुषांना बारा महिने कुठे ना कुठे टेकायला जागा असते, बाईला हे दोन दिवस. आणि त्या साली बाबांची जोडी पटात उतरणार होती. ते दोन तांबडे बैल लग्नाआधी मी माझ्या हातानं चारून मोठे केले होते. त्यांना धावताना बघायचं म्हणून मी सासूची महिनाभर मनधरणी केली होती.

पट भरायचा गावाबाहेरच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत. धानाची खुंटं काढून, ढेकळं फोडून दोन लांब वाटा शेजारी शेजारी तयार करायच्या. एका टोकाला जोड्या सुटायच्या, दुसऱ्या टोकाला झेंडी. झेंडीच्या अलीकडे उंच धुरा, म्हणजे शेताचा बांध, होता, त्यावर बाया बसत. तिथून सगळं दिसे. बैलांच्या तोंडचा फेसदेखील दिसे. आमच्या आया तिथेच बसल्या, आम्ही त्यांच्या मांडीवर तिथेच दूध प्यालो, आणि कोणाच्या बापाचं काही बिघडलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारी खुद्द पंचांची जोडी सुटली. पंच म्हणजे बेचाळीसच्या धामधुमीत तुरुंगात जाऊन आलेला माणूस, पांढरी टोपी, खणखणीत आवाज. त्यांचा शब्द गावात खाली पडत नसे. जोडी निम्म्या वाटेपर्यंत झकास आली आणि एकदम डावीकडे वळून आमच्या धुऱ्यापाशी येऊन उभी राहिली. छकड्यावरचा माणूस ओरडतोय, शेपट्या पिरगाळतोय, पण बैल ढिम्म! एकानं तर खाली तोंड घालून गवत हुंगायला सुरुवात केली. सगळं मैदान हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

धुऱ्यावर तेव्हा आम्ही चारपाच जणी पोरांना पाजत बसलो होतो. पंचांनी आधी बैलांकडे बघितलं, मग आमच्याकडे. थोड्या वेळानं पत्र्याच्या भोंग्यातून आवाज आला, "दुधाच्या वासानं बैल बुजून राह्यले. लेकुरवाळ्या बायांनी मोहापलीकडे बसावं. हा पटाचा नियम समजावा."

मोहाची झाडं मागे शंभर दीडशे पावलांवर होती, आणि त्यांच्याही पलीकडे बसायचं होतं.

मी उठले. इतरांसारखीच मुकाट्यानं पोर खांद्यावर टाकून उठले आणि गेले. मोहापलीकडे आम्ही सतराअठरा जणी जमलो. तिथे पाहुण्यांचे बैल बांधलेले, शेणाचा चिखल, माशा नुसत्या घोंघावत होत्या. पोरांच्या डोळ्यांवरच्या माशा हाकाव्या की पाजावं, काही समजेना. मध्येच मैदानावर आरोळी उठायची आणि आम्ही एकमेकींना विचारायचो, "कोणाची आली वो?" कोणाला ठाऊक? धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. चांद्याहून बांगड्यांचं दुकान घेऊन आलेली एक मुसलमान बाईही तिथे होती. दुकान नवऱ्यावर सोडून तिला पोरासाठी इकडे यावं लागलं होतं. ती म्हणाली, "मेरा तो धंदा भी गया और तमाशा भी." सगळ्या हसल्या. मला हसू येईना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि जास्त राग माझाच आला होता, की तू उठलीसच काऊन?

दिवेलागणीच्या आधी घरी आलो. बाबा बैलांचे पाय शेकत होते. दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी होती आणि आमची जोडी तिच्यात निवडली गेली होती. मी म्हटलं, "बाबा, उद्या मी धुऱ्यावर बसून राहीन. पोरगी भुकेली तर तिथीच पाजन."

बाबांनी मान वर केली नाही. "पंचाचा नियम आहे, माय."

"तुमाले पटते काय तो?"

त्यांनी शेकायचं फडकं पुन्हा ऊन पाण्यात बुडवलं. मग हळूच म्हणाले, "खरं असन तर? बैल बुजले तर काय करतं?"

हे मात्र मला फार लागलं. परक्यानं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. माझ्या बापाला माझ्या दुधाची भीती वाटावी? मी कोठ्याकडे हात केला. आमची गाय त्या दोन बैलांच्या शेजारीच बांधलेली होती. "बाबा, ह्या गाईचं दूध रोज सकाळ-संध्याकाळ ह्यांच्या नाकासमोर निघते. वासरू इथीच लुचते. ते जन्मले तेव्हापासून हाच वास. एक दिवस तरी बुजले काय?"

धाकटा भाऊ छकडा हाकणार होता. तो चिडला. "बाई, कालपरवा आली नि आता माहा पट बुडवतं काय? एक दिवस मोहापलीकडं बसली तं तुह्या अंगाले काटे टोचतीन?"

"टोचतीन," मी म्हटलं. "तू बस अन् पाह्य."

बाबांनी बैलाच्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग एवढंच म्हणाले, "सकाळी लवकर जेवून घे."

दुसऱ्या दिवशी मी धुऱ्यावर जाऊन बसले. एकटीच. लेकुरवाळ्या सगळ्या मोहापलीकडे आणि बाकीच्या बाया माझ्यापासून हातभर सरकून. आधी एक माणूस आला, "उठा." उठले नाही. मग पंच स्वतः आले.

"बाई, नियम काल सांगतला ना तुले?"

"सांगतला, भाऊ. पण बैलाले कोणी विचारलं नाई."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पंचांच्या कपाळाची शीर उडायला लागली. मी मुलीला घट्ट धरून बसून राहिले. तेवढ्यात बाबा पुढे आले. माझे बाबा चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. टोपी हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, आता माहीच जोडी धावणार आहे. माही पोरगी माह्याच वाटेच्या बाजूनं बसन अन् पाजन. जोडी वाट सोडून वळली, तं मी पुन्हा पटात जोडी आणणार नाई, अन् माही पोरगी पटात पाय ठेवणार नाई. नाई वळली, तं नियम उठवा."

लोकांना असलं काही हवंच असतं. "हो जाऊ द्या, हो जाऊ द्या" असा गलका झाला. पंचांना नाही म्हणता येईना. पण तेही काही कच्चे नव्हते. त्यांनी एका म्हाताऱ्याला पुढे बोलावलं. म्हाताऱ्यानं मूठभर माती उचलून वारा बघितला, आणि वारा माझ्याकडून वाटेकडे जाईल अशी धुऱ्यावरचीच जागा पावलं मोजून दाखवली. मी तिथे जाऊन बसले.

आणि मग पंच म्हणाले, "पोरगी तर झोपली आहे."

खरंच झोपली होती! एवढ्या गोंगाटात, तोंड उघडं टाकून, गाढ.

"मग काय करू?" मी विचारलं.

"पाजल्याशिवाय खरंखोटं कसं होईन? उठू दे."

काय सांगू तुम्हाला! काल पाजते म्हणून हाकललं, आणि आज पाजत नाही म्हणून सगळा पट खोळंबला. फेटेवाले, टोपीवाले, बिडी ओढणारे, शे-दोनशे पुरुष एका पाच महिन्यांच्या पोरीच्या तोंडाकडे बघत उभे. तिकडे जोड्या छकड्यांना जुंपलेल्या, खूर आपटताहेत. "उठली काय?" "नाई, नाई, हलली फक्त." एक जण म्हणाला, पायाले गुदगुल्या करा. दुसरा म्हणाला, थंडं पाणी लावा. मी म्हटलं, "लावून पाह्य पाणी, तुह्याच तोंडावर मारन." पंचही घाम पुसत होते.

शेवटी ती उठली. रडली. एवढ्या लोकांसमोर मी चोळीची गाठ सोडली. पाजताना मला तोवर कधी लाज वाटली नव्हती. ती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली, कारण सगळ्यांनी मिळून ती माझ्या अंगावर आणून टाकली होती. मी पदर नीट केला, पोरीला जवळ घेतलं. पंचांनी झेंडी हलवली.

जोड्या सुटल्याची आरोळी झाली आणि माझी पोरगी दचकून तोंड बाजूला करायला लागली. तिनं सोडलं असतं तर सगळंच फुकट गेलं असतं. पुन्हा पंच म्हणाले असते, पाजत होती कुठे? मी तिच्या कानावर तळहात ठेवला, तिच्यावर ओणवी झाले, आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिले. "पे, माय माही, पे." तिनंही माझ्याकडे बघितलं आणि पीत राहिली. खालची जमीन हादरायला लागली. चाकांचा खडखडाट जवळ आला, भावाचा आवाज ऐकू आला, धुळीचा लोट अंगावर आला. मान वर करायची किती इच्छा झाली म्हणून सांगू! एवढ्यासाठी तर मी आले होते. पण नाही केली. खडखडाट समोरून निघून गेला.

"काय झालं?" मी शेजारच्या बाईला विचारलं.

"हारली वो," ती म्हणाली. "एका मानेनं हारली."

मी पुन्हा विचारलं, "वळली काय पण? वळली?"

ती उत्तर देईपर्यंत पंच वाटेवर उतरले होते. छकड्याच्या चाकांचे वण मातीत उठले होते. पंच त्यांच्या कडेनं चालत माझ्यासमोर आले, पुढे झेंडीपर्यंत गेले, तसेच परत आले. वण कुठेही वाकला नव्हता. आमची जोडी सरळ धावली होती आणि सरळ हरली होती. समोरची जोडी जास्त जोरदार होती, एवढंच. भाऊ माझ्याकडे न बघता बैल सोडत होता. तो पुढे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याचं वाईटच वाटलं. बाबाही कष्टी होते. त्यांनी बैलांच्या पाठीवर झूल टाकली आणि पंचांपुढे जाऊन नुसते उभे राहिले.

पंचांनी भोंगा उचलला आणि बक्षिसाचं बोलायला लागले. मी बसल्या जागेवरून ओरडले, "भाऊ, आधी नियमाचं बोला!"

ते थांबले. सगळे थांबले. भोंगा खाली करून ते साध्या आवाजात म्हणाले, "बसू द्या."

"मले ऐकू आलं. मोहापलीकडं नाई गेलं."

मग भोंगा पुन्हा वर गेला. "लेकुरवाळ्या बायांनी धुऱ्यावर यावं."

कोणी येईना. मोहाखाली सगळ्या उभ्या होत्या, एकमेकींकडे बघत. मी हात वर करून हाका मारल्या, "या वो, या!" तेव्हा एक जण निघाली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, कडेवर मूल. सबंध मैदान ओलांडून, पुरुषांच्या मधून, ती माझ्या शेजारी येऊन बसली. बसली तेव्हा मला कळलं, ही पंचांची सून. कालपासून तीही तिकडेच, माशांमध्ये बसली होती. सासरे चार पावलांवर उभे होते. तिनं पोराला पदराखाली घेतलं. पंचांनी तोंड फिरवलं, पण तिला ऊठ म्हणाले नाहीत.