तीन बिनचुन्याचे थर

आमचं चर्च मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर आहे. लांबी एकवीस फूट, रुंदी तेरा. एकोणतीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांसह सात घरांनी कारवीच्या कुडाला माती लिंपून ते उभं केलं. आज पाचच घरं उरली आहेत. चर्च पाडावं आणि रविवारी जव्हारला उपासनेला जावं, असं माझं मत झालं होतं. मंडळीनं निर्णय माझ्यावर सोपवला. मी प्रार्थना केली खरी, पण उत्तर मनात आधीच ठरवून.

भिंत किती पोखरली आहे ते पाहायला मी खिडकीजवळची खपली काढली. दर नाताळाआधी आम्ही आतून शेणमातीचा एक हात देतो आणि वर चुना, त्यामुळे थर वेगळे दिसतात. मधली तीन वर्षं चर्च बंद होतं. छपराला कौलं की पत्रे यावरून आम्ही भांडलो होतो, आणि पत्र्यांसाठी सर्वांत जास्त अडून बसलो तो मीच. म्हणजे थर सव्वीस हवेत. मी तीनदा मोजले. एकोणतीस भरले. त्यांतल्या तीन थरांवर चुना नव्हता.

बंद काळात चावी शेजारच्या जमनी आजीकडे होती. ती आमच्या धर्माची नाही, तिच्या घरात तिचे देव आहेत. मी गेलो तेव्हा ती नागली पाखडत होती.

“मीच लिंपली,” ती म्हणाली. “चुना कुठून आनू?”

“तुला सांगितलं कुणी, आजी?”

“कोन सांगंल? तुमी समदे रुसलेले. भित काय रुसली होती?” तिनं सूप खाली ठेवलं. “आनि तुझा देव आत एकटाच होता ना.”

तीन वर्षांनी चर्च उघडलं तेव्हा भिंत धड पाहून मी वडिलांच्या कामाचं कौतुक केलं होतं.

याला मी चमत्कार म्हणत नाही. एवढंच कळलं, की आपलं घर राखायला देवानं माझी वाट पाहिली नव्हती. पाडण्याचा विचार मी मंडळीसमोर मागे घेतला.

यंदा आजीचे गुडघे चालत नाहीत. माती मी कालवली. दारात बसून तिनं दोनदा “पातळ झाली” म्हणून परत कालवायला लावली. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही, तेव्हा मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि पहिला हात भिंतीवर फिरवला.