आबांनी पाहिलेलं हिरवं आभाळ

या ग्रुपवरचे अनुभव वर्षभर नुसते वाचत आलोय. भूत, चकवा, भास... कशावरच विश्वास नाही माझा. खोपोलीला कारखान्यात मशीन दुरुस्त करणारा माणूस मी. तरीही लिहितोय, कारण घरात हा विषय काढवत नाही.

आमचं घर पोशीरला. आबांची, म्हणजे वडिलांची, नजर काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी पूर्ण गेली. धाकटा भाऊ विनोद नॉर्वेत, पार उत्तरेला, मासळीच्या कारखान्यात. तीन वर्षं त्याचं येणं झालं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात माझ्या सुट्टीचा दिवस. सकाळचे साडेअकरा. आबा नुकतेच तापातून उठलेले, अंगणात ऊन खात बसले होते. मी शेजारी लसूण सोलत होतो. एकदम म्हणाले,

"आभाळ हिरवं झालंय रं."

मला वाटलं, ताप परत चढला. "आबा, ऊन पडलंय."

"नाय. हिरवं हाय. भाताची रोपं वाऱ्यानं हालावी तसं हालतंय... पार डोक्यावर." मग जरा रागावून, "विन्या बघ कसा उभा हाय. एवढ्या थंडीत टोपी नाय डोक्याला. सांग त्याला."

"सांगतो," म्हटलं आणि पाणी आणायला आत गेलो. परत आलो तर मान कलली होती... आबा गेले होते.

विनोदचा फोन लागेना. दीड तासाने त्याचाच आला. मी बोलायच्या आत तो म्हणाला, "दादा, आबांना दे. आज नॉर्दर्न लाइट्स दिसले, इथल्या आभाळात हलणारा तो उजेड. एवढे मोठे पहिल्यांदाच. सकाळी सातला, इथे अंधारच असतो. अख्खं आभाळ हिरवं... थंडीने फोन बंद पडला, नाहीतर तेव्हाच लावला असता."

मला सांगावं लागलं.

मग विचारलं, "टोपी होती का तुझ्या डोक्यावर?"

"नव्हती. घाईत खोलीवर राहिली. का रं?"

आबांचं बोलणं सांगितलं. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत राहिलं.

तिकडचे सात म्हणजे आपले साडेअकरा. डॉक्टर म्हणाले, शेवटी शेवटी माणसाला असे रंग दिसतात. असेल. पण टोपीचं त्यांना सांगता आलं नाही, मलाही अजून कळलेलं नाही.

विनोद दहाव्याला पोचला, मग परत गेला. तिथे हिवाळाभर तो हिरवा उजेड दिसतो. खोलीवरची मुलं बोलावतात, हा पडदा ओढून घेतो.

"मी बघत उभा होतो रं दादा," एवढंच म्हणतो, "आणि तिकडे आबा..."