हुंबऱ्याची ताकद अठरा

दोन्ही कानांपाशी बोटं उभी धरून आमचे गार्डसाहेब शिंगं करायचे आणि म्हणायचे, "आता मेलासा तुम्ही!" वय बावन्न, अंगावर खाकी, आणि कुंभारवाड्याच्या फॉरेस्ट नाक्याचा दांडा त्यांच्या ताब्यात. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, असे फार नसतात.

बेळगावात शिकणाऱ्या पुतण्यानं त्यांना सांगितलं, की फासे टाकून राक्षसांशी लढायचा एक खेळ असतो. एवढ्यावर यांनी राक्षसांची अख्खी जात तयार केली: हुंबरे. डुकराचं तोंड, डोक्यावर शिंगं, उलटी पावलं. ताकद अठरा, वेग नऊ, अक्कल तीन. फासा शिवणीच्या लाकडाचा, स्वतः तासलेला. मी लाकूड डेपोत मापं घेणारा माणूस. पट्टी लावली तर एक बाजू अर्धं सूत कमी. "तुमच्यापुढं राक्षसाचं काय चालणार," म्हणत त्यांनी दुसरा तासला.

दुपारची बस कधी तासभर उशिरा यायची, कधी दीड. तेवढ्या वेळात आम्ही तिघं खेळायचो: मी, नाक्यावरच्या चहावाल्या सुभद्राक्का आणि भातशेती करणारे जानूकाका.

"ओढ्यावर हुंबरा उभा हाय," गार्डसाहेब पहिल्या दिवशी म्हणाले. "काय करतासा?"

"नारळ ठेवतो," जानूकाका म्हणाले.

"कशाला?"

"वाटेवर उभा हाय म्हंजे राखणदारच की. मान दिला की सोडतंय."

"अहो, त्येला मारायचाय!"

"राखणदाराला?" सुभद्राक्कांनी कपबशी खाली ठेवली. "आमाला पोरंबाळं हायत, बाबा."

मीही नारळच सांगितला. माझी ताकद सातच होती.

असं दोन वर्षं चाललं. त्यांनी हुंबऱ्याला विषारी दात दिले; आम्ही नारळावर कोंबडा वाढवला. त्यांनी त्याला आग ओकायला लावली. जानूकाकांनी त्याचा वर्षाचा मानच बांधून दिला.

"एकदा तरी लढा की ओ," गार्डसाहेब काकुळतीला येऊन म्हणायचे. "तीन वह्या भरल्यात मी. त्यो बिचारा नुसता उभा हाय."

मग त्यांची बदली झाली, थेट कारवारला. निघायच्या दुपारी त्यांनी ट्रंक बाकड्याखाली सारली आणि फासा काढला. जानूकाका आमच्याकडे बघून हळूच म्हणाले, "आज लढूया. माणूस चाललाय."

लढलो. सुभद्राक्का मेल्या आणि चहा ठेवायला गेल्या. पाठोपाठ जानूकाका मेले. हुंबऱ्याची ताकद दोन उरली, माझी एक, आणि फासा माझ्या हातात. दोन किंवा त्यावर काहीही पडलं की तो संपणार. तेवढ्यात बस आली. मी थांबलो. गार्डसाहेबांचे डोळे भरले होते, पण ते ओरडले, "टाका! लढाई अर्धी सोडू नका!"

चार पडले.

"मारलासा की ओ!" त्यांनी मांडीवर थाप मारली, डोळे पुसले आणि ट्रंक घेऊन बसमध्ये चढले.

"गार्डसाहेब," सुभद्राक्का किटली घेऊनच धावल्या, "त्येच्या घरात कोण हाय का?"

बस सुटली होती. दाराचा दांडा धरून ते कमरेपर्यंत बाहेर वाकले.

"तीन पिल्लं हायत! बारकी हायत, इतक्यात मारू नकासा!"

कंडक्टरनं शर्ट धरून त्यांना आत ओढलं, आणि बस वळणाआड गेली.