आत्याची उलटतपासणी

माझ्या आत्याइतका गोळ्यांवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या बडोद्यात सापडणार नाही, आणि हिने उभा जन्म वॉर्डात सिस्टर म्हणून गोळ्या वाटण्यातच घालवला! त्यातही बुरशीवरच्या औषधांशी तिचं खास वैर. नवरात्र संपलं की घामाने भिजलेलं निम्मं बडोदं खाजवत बसतं आणि गजकर्णाच्या गोळ्या प्रसादासारख्या या घरातून त्या घरात फिरतात. दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्याचा हात आत्या धरायची तो नखं तपासायला. फाफडा-जलेबीची बशी उलटतपासणी झाल्यावरच मिळायची.

वासण्याला राहणारे आमचे मेहुणे मांड्या दुखतात म्हणून गरब्याला दोष देत होते. "दरवर्षी नाचतोस, यंदाच बरं दुखलं? कोलेस्टेरॉलच्या गोळीवर ही बुरशीची कॅप्सूल कुणी घ्यायला सांगितली?" आत्याने भर दिवाणखान्यात विचारलं. शेजारच्या बेनना डाळ अळणी लागायची, म्हणून त्यांनी सुनेशी अबोला धरला होता. "बेन, डाळ बराबर छे, तमारी गोळी जीभ बगाडे छे," असा दोष डाळीवरून गोळीवर टाकून आत्याने ते भांडणही मिटवलं.

पण कहर झाला तो एका दसऱ्याला. माझ्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि नवे व्याही दांडिया बाजारात आत्याकडे आले होते. माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, ऐटीत गप्पा मारत होते. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. त्यांनी तोंड पुसलं, तर रुमालाला लाल डाग.

"बाळ्या, खाज कुठे येते?" आत्या कडाडली.

"ताई, पाहुणे बसलेत!"

"त्यांनाही येत असेल. जांघेत ना? कुणाची गोळी घेतलीस?"

नाही नाही म्हणता म्हणता बाबांच्या खिशातून शेजाऱ्याने दिलेली पट्टी निघाली. हातातल्या जलेबीसकट आत्याने त्यांना रिक्षात कोंबलं. शेजाऱ्याच्या गोळीने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढवला होता. आणखी उशीर झाला असता तर मेंदूत रक्तस्राव झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. बाबा वाचले, पण व्याह्यांसमोर जांघेचा विषय काढला म्हणून दिवाळीपर्यंत बहिणीशी बोलले नाहीत.

आता आत्याची नजर गेली आहे. नवी गोळी मिळाली की बाबा मुकाट्याने तिच्याकडे जातात आणि पट्टीवरचं नाव वाचून दाखवतात. परवा मीही सोबत होतो. वाचून झालं, तरी बाबा उठेनात.

"ताई, कालपासून छातीत धडधडतंय गं. घरी कुणाला बोललो नाही."

मला वाटलं, आता झडती सुरू होणार. पण चाचपडत तिने चपला शोधल्या, मला रिक्षा आणायला सांगितली आणि दोघं एकमेकांना धरून जिना उतरू लागले.