गाजराच्या आतले कुलूपकाका

गाजराला हात नसतात, असं शिंप्याला मीच सांगितलं. बाह्या कुठून काढू, एवढंच त्याने फोनवर विचारलं होतं. मला विनोद सुचला, आणि ऑफिसात चार माणसं ऐकत असली की मला विनोद आवरत नाही. शिंपी पडला सरळमार्गी. त्याने खरोखरच बिनहातांचं गाजर शिवून पाठवलं. डोक्यापासून पोटरीपर्यंत नारिंगी कापड, तोंडावर जाळी, वर हिरवा तुरा, पाठीवर चेन. आत शिरलेल्या माणसाचे दोन्ही हात मांड्यांना चिकटून कैदेत.

हे गाजर आमच्या बालशाळेसाठी होतं. मी तिथला कारकून. मुलं ताटातली भाजी टेबलाखाली सारायची आणि सफरचंदाच्या फोडी एकमेकांच्या कानात कोंबायची. मोठ्या बाईंनी ठरवलं, की जेवणाच्या वेळी हसरं गाजर येऊन नाचेल आणि मुलं हरखून भाज्या खातील. आत शिरायला त्यांनी कुलूपकाकांना नेमलं. फाटकाचं, वर्गांचं, कोठीचं, सगळी कुलपं तेच लावत-काढत, म्हणून हे नाव. निवृत्तीचं वय कधीच उलटलेलं. बाई दर वर्षी मुदत वाढवत, आणि वाढवण्याआधी दाराशी तासभर ताटकळत ठेवत. नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय त्यांची नात त्याच शाळेत फुकट शिकत होती.

नात म्हणजे नुसती काडी. आईबाप दूर कामाला, पोर आजोबांच्या गळ्यात. अंगात रक्त नाही, भाज्या-फळं पोटात गेलीच पाहिजेत, असं डॉक्टरने बजावलेलं. आणि ही भाजी दिसली की ओठ मिटून बसणार. काकांची एकच अट होती. आत मी आहे, हे तिला कळता कामा नये. जगात तेवढीच एक मला मानते, म्हणाले.

पहिल्या दिवशी गाजर नाचलं. गाजराची पुंगी म्हणे वाजली तर वाजते. ही काही वाजेना. मुलं ढिम्म. मग पुढच्या रांगेतल्या एका टारगटाने उठून गाजराच्या पोटात गुद्दा घातला. गाजर नुसतंच डुललं. कान पिळत नाही, डोळे वटारत नाही, ओरडतसुद्धा नाही, कारण आवाज ओळखू येईल म्हणून काका ब्र काढत नव्हते. असं मोठं माणूस मुलांनी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळा वर्ग तुटून पडला. वर्गाच्या बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, जो ताट साफ करेल त्यालाच गाजराला एक चापट मारायला मिळेल.

ताटं अशी साफ झाली, की धुणारीला काम उरलं नाही.

झालं, तोच नियम ठरला. पालक येऊन सांगू लागले, आमचा घरीसुद्धा गाजर मागतो हो. मोठ्या बाई मान डोलावून म्हणायच्या, प्रेमाने घेतलं की मुलं ऐकतात.

जेवणं आटोपली की पंपाच्या खोलीत काकांची चेन मी उघडायचो. त्यांना स्वतःला ती उघडता येणार कशी? घामाने निथळत ते दोनच गोष्टी विचारायचे. तिने ताटात काही टाकलं का, आणि ओळखलं तर नाही ना? मी दोन्हीला नाही म्हणायचो. एकदा लाज वाटून कात्रीच घेऊन गेलो. हातांपुरती दोन भोकं पाडतो म्हटलं. काकांनी अंग चोरलं.

"राहू दे. हात मोकळे झाले की आपसूक आडवे येतात. मग पोरांची मजा जाईल, आणि ती खायची थांबेल."

"लागतं की हो, काका."

"तिची नाही लागत. तिची मला आतून कळते. हलकी असते."

मी कात्री खिशात घातली. बाहेरून काय दिसतं ते त्यांना सांगितलं नाही. सगळ्यांत जोरात तीच मारायची. चार पावलं मागे जाऊन, धावत येऊन.

भाजी मार्गी लागल्यावर मोठ्या बाईंना फळं आठवली. भाजीला चापट, फळाला धक्का, असा नवा दर निघाला. धक्क्यांच्या पहिल्याच दिवशी गाजर पायरीवरून पालथं गेलं. हात टेकता येईनात, तेव्हा तोंड टेकलं. पुढचे दोन दात फरशीवर. मी धावत जाऊन सगळ्यांदेखत चेन ओढली. दुसरा इलाज नव्हता. मोठ्या बाईंनी प्रसंग सावरला. "अरे, हे तर आपले कुलूपकाका! वाजवा टाळ्या." मुलांनी वाजवल्या.

काका रक्ताळल्या तोंडाने नातीला शोधत होते. ती फोड चावत रांगेत उभी होती. चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं.

"मला माहीत होतं, आबा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तुम्हाला कुलपांच्या तेलाचा वास येतो."

"मग मारत का होतीस गं?"

"घरी तुम्ही माझं नाक दाबून भरवता." तिने फोड गिळली. "इथे तुम्हाला दाबता येत नाही."

काकांनी मान खाली घातली आणि मला म्हणाले, चेन पूर्ण उघड, पाय अडकलेत.

त्यांची मुदत यंदा वाढली नाही. बोळकं तोंड फाटकावर बरं दिसत नाही, असं मोठ्या बाईंचं मत पडलं. नातीची जागा वर्षअखेरपर्यंत ठेवली, हा मात्र त्यांचा मोठेपणा. गाजराची गुंडाळी माळ्यावर गेली, आणि टेबलाखाली पुन्हा भाजी दिसू लागली.

थोड्या दिवसांनी नात भरलेलं ताट घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"त्या दिवशी मी सगळ्या फोडी संपवल्या होत्या. माझा धक्का राहिलाय."

गाजर बंद झालं, मी म्हटलं.

"आबा म्हणाले, कारकूनकाकांना सांग, ते उभे राहतील. तोवर मी खाणार नाही."

मी जिभेने माझे पुढचे दात चाचपले आणि उद्या बघू म्हटलं. ती रोज जेवणाच्या सुट्टीत येते, ताट तसंच माझ्यासमोर ठेवते. मी रोज उद्या म्हणतो.